विहार, देऊळ आणि आदेशचा नियम

२०२३ सालच्या उन्हाळ्यात अल्लीपूरजवळच्या एका गावातलं बुद्धविहार इंटरनेटवरच्या नकाशात 'सभागृह' झालं. हा नकाशा कोणीही दुरुस्त करू शकतो, आणि ते व्रत घेतलं होतं आदेश ढगेने. गावातला पहिला इंजिनिअर, मुक्काम पुणे, पायाला वर्षभर गावची धूळ नाही.

त्या विहाराच्या विटा गावातल्याच सुलोचनाबाईंनी चौदाव्या वर्षी डोक्यावर वाहिल्या होत्या, कारण आदेशच्या पणज्याने बैलगाडी दिली नव्हती. त्यांच्या नातीने, नंदिनीने, नकाशात दोनदा 'प्रार्थनास्थळ' लिहिलं. आदेशने दोनदा खोडलं. मग सुलोचनाबाईंनीच नातीला आदेशला फोन लावायला सांगितलं.

"आजी, नियम सगळ्यांना सारखा पाहिजे. तिथं लग्नं लागतात, सभा होतात. म्हणून सभागृह."

"लय विद्वान झाला रे पोरा. मंग तुमच्या मारुतीच्या देवळात? मागच्या मेमध्ये तुयंच लगन तिथं लागलं. मी जेवाले आलती."

आदेशने नकाशात मारुतीचं देऊळ उघडलं.

"नियम मोडू नको बेटा. त्यालेही सभागृह लिही."

पठ्ठ्याने लिहिलंही. दोन तासांत त्याचे आजोबा बापूजी, देवळाचे पंच, फोनवर कडाडले. संध्याकाळच्या आत देऊळ पुन्हा देऊळ झालं, आणि नियम सारखा म्हणून विहारही प्रार्थनास्थळ.

बापूजी पुढच्या वर्षी वारले. नंदिनी सेवाग्रामला नर्स झाली. सुलोचनाबाई रोज विहारात वंदनेला जातात. आदेश आता नकाशात हॉटेल कुठलं आणि ढाबा कुठला ते ठरवतो. त्यावरून कोणाचे आजोबा फोन करत नाहीत.