घरटी एक जवान

पासष्टच्या लढाईत आमच्या शेजारच्या किसनरावांनी अमरावतीत भाषण ठोकलं होतं, "घरटी एक जवान द्या." घर म्हणजे अर्थात आपलं सोडून. त्यांचा पोरगा ओमप्रकाश अमेरिकेत कायमचा राहायचे कागद करून बसला होता. मग अमेरिकेनंच त्याला व्हिएतनामसाठी सक्तीनं फौजेत बोलावलं. शिक्षण चालू असेपर्यंत मात्र सूट. म्हणून गडी आता तिसरी पदवी घेऊन राहिला, आणि किसनराव त्याच्या विद्याप्रेमाचे पेढे वाटून राहिले. बायकोला, म्हणजे पार्बतावहिनींना, फौजेचं सांगितलंच नाही.

काल अंबादेवीच्या देवळात पार्बतावहिनींनी नवस केला, "माय, पोराचं शिक्षण लवकर संपू दे. तुले लुगडं नेसवीन."

मागून किसनराव हळूच म्हणाले, "माय, तिचं आयकू नको. मी दोन नेसवतो."