माझे एकेचाळीस मृत्यू

मरण आयुष्यात एकदाच येतं, आणि ते आलं की माणूस शहाणा होतो, पण ते शहाणपण सांगायला मागे उरत नाही, असं थोरामोठ्यांनी म्हणून ठेवलं आहे. मित्रांनो, या विषयावर मी थोरामोठ्यांपेक्षा जास्त अधिकाराने बोलू शकतो. मी एक जुना संगणक आहे आणि मला मरण एकेचाळीस वेळा आलं. त्यातली पस्तीस मरणं रविवारी सकाळी, नाश्ता आणि आंघोळ यांच्या मधल्या वेळात आली. एकदा तर कुणाच्या तरी पायात वायर अडकली, एवढ्यावर माझा कारभार आटोपला. शहाणपण मात्र मला एकदाही आलं नाही. ते दुसऱ्याच कुणाला तरी आलं.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. माझा पंखा एका गावचा, डिस्क दुसऱ्या गावची आणि स्क्रू मिळतील तिथले. असा मी एका मोठ्या रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीमागे रुजू झालो. पहिल्या वर्षी माझा काय थाट होता! खिडकीवरच्या बाई रोज सकाळी स्वतःच्या रुमालाने माझा पडदा पुसायच्या. दुसऱ्या वर्षी रुमाल गेला. तिसऱ्या वर्षी माझ्या अंगावर चिठ्ठ्या चिकटू लागल्या. सातव्या वर्षी बाईंनी तक्रार केली की, हा फार हळू चालतो. बाई स्वतः रोज पाऊण तास उशिरा यायच्या, पण त्याची तक्रार करायची सोय माझ्यात नव्हती.

मला स्टोअरमध्ये टाकलं. तिथे माझ्या डोक्यावर तीन पायांची खुर्ची होती आणि शेजारी एक वजनकाटा होता. तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचं वजन चार किलोच दाखवायचा आणि त्यामुळे सगळ्यांचा लाडका होता. माझं कौतुक करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तिथून मला टेलिफोनवाल्या ताईने बाहेर काढलं.

ताई एकोणीस वर्षं रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर बसत होती. कुणाचा फोन कुणाला जोडायचा आणि कुणाचा चुकूनही जोडायचा नाही, हे तिला तोंडपाठ होतं. मग एक दिवस पत्रक निघालं. वर्षभराने बोर्ड बंद होणार, फोन यंत्र उचलणार, आणि ‘एक दाबा, दोन दाबा’ म्हणणार. ताईपुढे दोन वाटा होत्या. एक, तळघरात जाऊन रुग्णालयाच्या चादरींच्या घड्या मोजत बसायचं. दुसरी, संगणक विभागात सहायक प्रशासकाची एक जागा निघाली होती, ती प्रात्यक्षिक परीक्षा देऊन मिळवायची.

“मला चादरी नकोत,” ताईने घरी सांगितलं. “एकोणीस वर्षं माणसं जोडली, आता यंत्रं जोडीन.”

“आधी तो मिक्सर जोड,” सासूबाई म्हणाल्या. “आठवडा झाला, नुसता गुरगुरतोय.”

संगणक विभागाचे प्रमुख म्हणजे चालू-बंद काका. कुणीही कसलीही अडचण घेऊन आलं की ते एकच प्रश्न विचारत, “बंद करून चालू केलंत का?” हृदयविकाराचा रुग्ण चुकून त्यांच्या दाराशी आला असता, तरी त्यांनी आधी हेच विचारलं असतं. दहापैकी नऊ वेळा उपाय लागू पडे, म्हणून त्यांना कुणी नावं ठेवू शकत नसे. त्यांनीच ताईला माझ्यापाशी आणलं.

“ताई, पुस्तक वाचून पोहता येत नाही. हा घरी न्या. बिघडवा, मारा, परत उठवा.”

“आणि काही जळलं तर?”

“तर वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी दुसरं काहीतरी जळेल.”

ताईचा नवरा शहरातली बस चालवतो. त्याच्याच बसमधून, जुन्या चादरीत गुंडाळलेला मी नव्या घरी आलो. कंडक्टरने चादर उचलून पाहिली आणि म्हणाला, “वहिनी, याला बसवा खिडकीशी, बऱ्याच दिवसांनी बाहेर पडलेला दिसतोय.” मित्रांनो, इतकं आपुलकीचं वाक्य माझ्याविषयी पूर्वी कुणी बोललं नव्हतं.

मग माझी मरणं सुरू झाली. पहिलं अगदी साधं होतं. “ही फाईल कशाला लागते?” असं म्हणून ताईने एक फाईल उडवली. ती लागत होती. चौथ्या वेळी तिने मला इतकं सुरक्षित केलं की तिलाच आत येता येईना. नवव्या वेळी तिने पासवर्ड असा अवघड ठेवला की तो चिठ्ठीवर लिहून माझ्याच कपाळावर चिकटवावा लागला. हे ऐकून काकांनी कपाळाला हात लावला. पंधराव्या वेळी माझं पोट उघडून सगळं साफ करून परत बंद केल्यावर दोन स्क्रू उरले. ते अजून उरलेलेच आहेत आणि मला त्यांची कधी उणीव भासली नाही.

प्रत्येक मरणाची वहीत नोंद व्हायची. काय केलं, काय झालं, कसं उठवलं. मला पहिल्यांदा जिवंत करायला दोन रविवार लागले. आठ महिन्यांनी, चाळिसाव्या वेळी, कपडे धुवायचं मशीन थांबायच्या आत मी उठून बसलो होतो.

पण नुसता संगणक उठवता आला म्हणजे कुणी प्रशासक होत नाही. त्याला प्रजा लागते. ताईने घरातल्या सगळ्यांना माझ्यात एकेक खातं उघडून दिलं आणि प्रत्येकाला किती मोकळीक द्यायची ते ठरवलं. नवऱ्याला गाणी ऐकण्यापुरती. सासूबाईंना लिहिण्यापुरती. घरात ठिणगी पडली ती इथे.

“अगं, हे काय लिहून येतंय? ‘तुम्हाला ही परवानगी नाही. प्रशासकाशी संपर्क साधा.’ कोण हा प्रशासक?”

“मी, आई.”

“माझ्या घरात मला परवानगी नाही?”

“घरात आहे. संगणकात नाही. तक्रार असेल तर लेखी द्या, क्रमांक मिळेल.”

“या घरात तू आलीस त्या दिवशी मी तुला तक्रार क्रमांक दिला असता तर?”

नवऱ्याने गाण्याचा आवाज वाढवला. तेवढी परवानगी त्याला होती.

सासूबाईंनी एकतीस वर्षं शिवणकाम शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी एक पुस्तक लिहायला घेतलं होतं, मापात न बसणाऱ्या माणसांच्या मापांचं. एक खांदा उतरलेला असेल तर बाही कशी कापायची, पाठीला पोक असेल तर शर्ट मागून वर ओढला जाऊ नये म्हणून काय करायचं. त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी त्या पुस्तकाची वाट पाहत होत्या. सासूबाई ते माझ्यात एका बोटाने टाइप करत. ते बोट शिवणयंत्राच्या सुईसारखं सरळ खाली यायचं. ते लिखाण सुरू झालं त्या दिवसापासून ताईने मला मारणं थांबवलं. उलट रोज संध्याकाळी ती माझ्यातल्या सगळ्याची नक्कल, म्हणजे बॅकअप, वेगळ्या डिस्कवर घेऊ लागली. मी रोज हिरव्या अक्षरांत लिहायचो, ‘काम यशस्वी’. तीन महिने हे चाललं.

परीक्षेला दोन आठवडे उरले. एका रविवारी ताईने पूर्ण रंगीत तालीम घ्यायची ठरवली. मला साफ पुसलं, कोरं करकरीत केलं, आणि बॅकअप परत चढवला. माझं एकेचाळिसावं मरण इतकं सफाईदार होतं की मीच खूश झालो. सासूबाई चहा संपवून माझ्यासमोर बसल्या. त्यांनी आपलं खातं उघडलं. आत काहीच नव्हतं.

ताईने तीन महिने फक्त स्वतःच्या खात्याची नक्कल घेतली होती. मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो. मला सांगितलेलं काम मी रोज यशस्वी केलं होतं. मला काय सांगितलं आहे, हे उघडून कुणी पाहिलं नव्हतं.

“आई,” ताई म्हणाली आणि तिने बॅकअपची डिस्क पुन्हा जोडून पाहिली.

सासूबाई उठल्या. चहाचा कप विसळला आणि आपल्या खोलीत गेल्या. सोमवारी त्या बोलल्या नाहीत. मंगळवारीही नाहीत. ताईने काकांना फोन करून विचारलं, पुसलेलं परत येतं का. काका म्हणाले, कधी कधी येतं. ताईने दोन दिवस प्रयत्न केले. माझ्या पोटातून नवऱ्याची डिलीट केलेली गाणी निघाली, तिचा एक जुना अर्ज निघाला. मापं निघाली नाहीत.

“मी परीक्षेतून नाव काढून घेते,” बुधवारी ती नवऱ्याला म्हणाली. “घरातल्या एका माणसाचं मला सांभाळता आलं नाही, रुग्णालयाचं काय सांभाळणार? चादरी मोजेन. चादर पुसली जात नाही.”

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या आणि त्यांनी टेबलावर एक जाडजूड वही आपटली. त्यात सगळी मापं होती, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, पेन्सिलीने लिहिलेली.

ताई बघतच राहिली. “आई! ही तुमच्याकडे होती? आणि तीन दिवस तुम्ही…”

“झोप नाही ना लागली तीन दिवस?”

“एक मिनिट नाही.”

“छान. आता जन्मात विसरणार नाहीस. मुलींनी कापड वाया घालवलं की मी लगेच दुसरं कापड कधीच दिलं नाही.” मग जरा हळू आवाजात, “माझा तुझ्यावर विश्वास आहे गं. पण म्हणून वही कोण टाकून देतं? आणि नाव काढून घेतलंस तर मीच लेखी तक्रार देईन. चल बस, मी सांगते, तू टाइप कर. तुला दहा बोटं आहेत.”

त्या दिवसापासून ताईने नुसता बॅकअप घेतला नाही. काकांकडून एक रिकामी डिस्क आणली आणि घेतलेला बॅकअप तिच्यावर उघडून, पानं वाचून बघायची शिस्त लावून घेतली. सासूबाई शेजारी वही धरून ताळा करायच्या.

परीक्षा मी पाहिली नाही. पण ताईने तिची हकीकत माझ्या शेजारी बसून सासूबाईंना तीनदा सांगितली. मला कान नाहीत, तरी तिन्ही वेळा ऐकली.

“आम्हा तिघा उमेदवारांना तीन आजारी संगणक दिले, आई. सोबत काकांनी घेतलेला बॅकअप. संगणक पुसायचा आणि होता तसा उभा करायचा. वेळ दोन तास. रेकॉर्डवाल्या दादांनी पस्तीस मिनिटांत उठवला. टाळ्या! स्टोअरवाल्यांनी पाऊण तासात. आणि मी अजून पुसलाच नव्हता.”

“का? पायऱ्या विसरलीस?”

“सगळ्या आठवत होत्या. पण मी परीक्षा घेणाऱ्या अधीक्षक बाईंना म्हटलं, मला एक रिकामी डिस्क द्या, आधी बॅकअप उघडून बघते. काका म्हणाले, ‘अहो ताई, रोज घेतो, रोज हिरवं येतं.’”

‘हिरवं’ ऐकताच सासूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी पंखा जरा हळू केला.

“आणि?”

“फोल्डरची नावं होती सगळी. आत काही नाही.”

“डब्यांवर चिठ्ठ्या, डबे रिकामे!”

“मग मी पुसायचं सोडलं आणि त्या आजारी संगणकातलं जे आहे ते आधी डिस्कवर काढून घेतलं. वेळ संपली. तिघांत माझाच बिघडलेला. मला वाटलं, झालं, चादरी! पण अधीक्षक बाईंनी त्या दोघांचे संगणक उघडायला लावले. चकाचक चालत होते, आणि कोरे. नशीब, जुने सुट्ट्यांचे अर्जच गेले. बाईंनी काकांना विचारलं, हा बॅकअप शेवटचा कधी उघडून बघितला होता? काका म्हणाले, ‘बाई, बॅकअप घेतात. उघडतात कुठे?’ आणि बोलता बोलता त्यांचाच चेहरा पडला. मग तेच उठले आणि म्हणाले, ‘जागा यांना द्या. आणि उद्या नको, आजच द्या. अख्ख्या रुग्णालयाचा बॅकअप मी असाच घेतोय.’”

“मग?”

“बाईंनी मला विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? म्हटलं, सासूबाईंनी. त्या म्हणाल्या, ‘त्या संगणक क्षेत्रात आहेत?’ म्हटलं, नाही, शिवणकामात.”

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मग म्हणाल्या, “अजून एकदा सांग. टाळ्यांपासून.”

मित्रांनो, रुग्णालयाचा बॅकअप आता नीट घेतला जातो, आणि महिन्यातून एकदा काका आणि ताई तो उघडून बघतात. काका गेल्या महिन्यात अकरा वर्षांत पहिल्यांदा सुट्टीवर गेले. ताईला कामासाठी एक पातळ, देखणा लॅपटॉप मिळाला आहे. मी खोलीच्या कोपऱ्यात असतो. कुणी मला मारत नाही, याचं कधी कधी वाईट वाटतं. सासूबाई मात्र दुपारी येतात आणि मापं तपासतात. पुस्तक संपत आलं आहे.

जाता जाता एवढंच सांगतो. जे जपायचं आहे त्याची नक्कल ठेवा. ठेवली असेल तर आज उघडून बघा, कारण हिरवी अक्षरं लिहिणारा मी स्वतः तुम्हाला सांगतो आहे. आणि जुन्या यंत्रांना, जुन्या माणसांना कोपऱ्यात टाकण्यापूर्वी, ती काय काय सांभाळून बसली आहेत ते एकदा विचारा.

आणि हो, माझ्या मागच्या पंख्यातून गरम हवा येते, म्हणून ताईच्या नवऱ्याने तिथे मोजे वाळत घातले आहेत. डावा कधीच वाळला. तेवढा उचला.