बाई, खडू आणू?

मला समितीत घेतलं ते हुशारीमुळे नाही, तोंडामुळे.

त्याचं असं झालं, आमच्या बोरिवलीच्या शाळेत यंदा समुपदेशक मॅडम आल्या. संघमित्रा मॅडम. स्वभावाने छान, पण त्यांना बसवलं कुठे, तर मुख्याध्यापकांच्या केबिनला खेटून! काचेचा दरवाजा, वर ही मोठी पाटी, समोर जिना. आत कोण बसलंय ते अख्ख्या शाळेला दिसणार. त्यात आमचे शिपाई दत्तारामकाका. मॅडमनी कुणाला बोलावलं की काका वर्गाच्या दारात उभे राहून ओरडणार, "निहार कोण? समुपदेशनाला चल!" की लगेच वर्ग, "ओऽऽऽ!" निहार एकदाच गेला. तेव्हापासून त्याला सगळे 'केस' म्हणतात. मग कोण कशाला मरायला जातंय तिथे?

मुख्याध्यापक सरांना वाटलं, मुलांना महत्त्व कळत नाही. म्हणून त्यांनी विद्यार्थी समिती काढली. सगळे मॉनिटर आणि पहिल्या नंबरवाले. मी केबिनबाहेर उभी होते, उलट उत्तर दिल्याची शिक्षा म्हणून. आत कुणी म्हणत होतं घोषवाक्य स्पर्धा घेऊ, कुणी म्हणत होतं प्रभातफेरी काढू. प्रभातफेरी! माझं डोकंच फिरलं.

"रडू येतंय म्हणून कुणी प्रभातफेरी काढतं का हो, सर?" मी दारातूनच म्हणाले.

सर चष्म्यावरून बघत राहिले. "फार कळतं ना तुला, गंधाली? ये आत. बस."

बसले. पण खरं सांगते, शाळेसाठी नाही, जॅकलिनसाठी बसले.

जॅकलिन माझ्या बाकावर बसते. गोराईहून रोज बोटीने खाडी ओलांडून येते. वर्गातली सगळ्यात मोठ्या आवाजाची पोरगी, हसली की शेजारच्या वर्गातल्या बाई भिंत ठोकायच्या. तिची ल्युसीताई नर्सच्या नोकरीला कुवेतला गेली आणि ही गप्पच झाली. डबा उघडायची, तसाच बंद करायची.

"झोपच येत नाही गं," मला एकदा म्हणाली. "आणि सकाळी छाती अशी धडधडते, वाटतं आता मरणारच."

"मग संघमित्रा मॅडमकडे जा ना!"

"वेडी आहेस का? काका बोंब ठोकणार, ग्लेनरॉय ऐकणार, आणि संध्याकाळी बोटीत सगळ्यांना कळणार. मी घरी पोचायच्या आधी मम्मी रडत बसलेली असेल."

ग्लेनरॉय तिच्याच गावचा, आमच्याच वर्गातला. तोंडात तीळ भिजत नाही त्याच्या. तिचं काही चुकत नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला.

मी वर्गात बसून विचार करत होते, की वर्गातून कोण उठून गेलं तर कुणी ढुंकूनही बघत नाही? तेवढ्यात आमच्या गणिताच्या वनमालाबाई म्हणाल्या, "खडू संपले. कोण आणतंय?" एक मुलगा उठला, गेला. कुणी मानसुद्धा वळवली नाही.

झकास!

खडू मिळतात पी.टी.च्या खोलीत, शाळेच्या मागच्या टोकाला. समितीत मी सांगितलं, मॅडमची खुर्ची तिथे हलवा. पाटी नको, हाका नकोत. ज्याला जायचंय त्याने बाईंना विचारायचं, "खडू आणू?" बस्स. गुपित मुलांत ठेवायचं, बाकी बाईंनाही सांगायचं नाही; कोण खरंच खडूला गेलं आणि कोण मॅडमकडे, ते कुणालाच कळणार नाही. सर कुरकुरले, पण संघमित्रा मॅडम स्वतःच खुर्ची उचलून निघाल्या. लेझीम आणि फुटक्या कॅरमबोर्डांच्या मध्ये मस्त जागा केली त्यांनी. मी बघायला म्हणून गेले. मॅडमनी विचारलं, "आणि तू कशी आहेस गं?" तर मी जी रडायला लागले! कशाला, कुणास ठाऊक. पण परत येताना पायात बळ आलं होतं.

आणि मग आमची वाट लागली. कारण खडू आणायला गेलेल्याला खडू तर आणायलाच लागणार ना! पोरं जाऊ लागली, खडू येऊ लागले. टेबलावर खडू, खिडकीत खडू, डस्टरच्या डब्यात खडू. जॅकलिन रोज म्हणायची, "उद्या जाते." आणि एक दिवस खरंच धीर करून तिने तोंड उघडलं, "बाई, खडू—"

"पुरे!" वनमालाबाई कडाडल्या. "दुकान काढायचंय का मला? आजपासून खडूसाठी कुणीही वर्गाबाहेर जायचं नाही!"

जॅकलिन मटकन खाली बसली. मला इतकं वाईट वाटलं, की शाळा सुटल्यावर मी बाईंना जिन्यात गाठलं.

"बाई, ते खडू म्हणजे खडू नाहीयेत. मॅडम तिथे बसतात. कुणाला गरज आहे ते मी नाही सांगणार, तुम्ही मला मारलंत तरी. पण कुणाला तरी खूप गरज आहे."

बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "घरी जा," एवढंच म्हणाल्या.

गेलं सगळं, मला वाटलं. आता बाई स्टाफरूममध्ये सांगणार, तिथून काकांना कळणार, काका जगाला सांगणार.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या. टेबलावरचे, खिडकीतले, डब्यातले, सगळे खडू गोळा करून त्यांनी कपाटात कोंबले. कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. मग फळ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "खडू संपलेत. कोण आणतंय?"

जॅकलिन हळूच उठली. ग्लेनरॉयने तोंड उघडलं, तर निहारने त्याच्या पायावर असा पाय दिला की त्याचं "ओ" आतच राहिलं.

ती परतली तेव्हा तास संपत आला होता. डोळे लाल, नाक लाल, हात रिकामे.

"खडू?" बाईंनी विचारलं.

"विसरले, बाई."

कुणी हसलं नाही.

"असू दे. उद्या जाऊन आण," बाई म्हणाल्या, आणि मघापासून चाललेलं भूमितीचं प्रमेय त्यांनी पुन्हा बोटाने हवेत काढायला घेतलं. जॅकलिनने बाकाखाली माझा डबा ओढला आणि पोळीभाजी खायला सुरुवात केली.