चेअरमनचं गाडी-गोदाम

खडकवाडीत त्या वर्षी पाऊस तेवढा आला नाही. बाकी सगळं आलं. टँकर आला, चारा छावणी आली, दुष्काळाची पाहणी करायला साहेब आले, आणि त्यांच्या मागोमाग मोटारसायकलचोर आले. माणसं छावणीत जनावरांजवळ बसायची, गाड्या बाहेर बाभळीखाली उभ्या असायच्या. चोरांना आणखी काय पाहिजे?

गावच्या सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव यांनी यावर सहकारातून उपाय काढला. सोसायटीचं खताचं गोदाम रिकामंच होतं. पेरणीच नाही तर खत कुणाला हवं? त्यात गावच्या सगळ्या मोटारसायकली ठेवायच्या, दाराला दणकट कुलूप लावायचं आणि राखणीला सटवाला बसवायचं. सटवा आधी तिथल्या खताची राखण करायचा. पोती दरवर्षी थोडी कमी भरायची, पण ते उंदरांवर गेलं होतं.

"चाव्या गाड्यांनाच राहू द्या," अर्जुनरावांनी बजावलं. "गाडी हलवायची झाली तर अडचण नको."

कुणाला अडचण नको, ते त्यांनी सांगितलं नाही.

केशरबाईनं मात्र गाडी द्यायला नकार दिला. तिचा नवरा सुंदरराव जनावरं घेऊन छावणीतच मुक्कामाला होता. त्याची भाकर घेऊन ती रोज त्याच्याच मोटारसायकलवर जायची. लुगड्याचा काचा मारून बाई गाडी चालवते म्हणून गाव आधी हसलं होतं, आणि नंतर वडवणीहून औषधं आणायला तिलाच सांगू लागलं होतं.

"सहकारावर इस्वास न्हाई का तुमचा?" अर्जुनरावांनी तिला विचारलं.

"हाय की. पण चेअरमन, गाडी कुलपात आन् नवरा छावणीत उपाशी, हे कसं जमावं?"

"सगळ्या गावाला जमतंय, तुमालाच कावून न्हाई जमत?" असं म्हणून त्यांनी तिचा नाद सोडला.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच गाड्या आत गेल्या. शिवलिंगप्पांची नवीकोरी मोटारसायकल सगळ्यात पुढं. त्यांचं गावात लोखंडी सामानाचं दुकान होतं आणि गोदामाचं कुलूपही त्यांच्याच दुकानचं. पोटच्या पोरालाही त्यांनी त्या गाडीला हात लावू दिला नव्हता. उपरण्यानं टाकी पुसून, लिंबू-मिरची नीट करून ते जड मनानं बाहेर आले. आदर्श घालून द्यावा म्हणून अर्जुनरावांनी आपली जीपही आत लावली. मग कुलूप लागलं, फीत बांधली गेली आणि समोरच्या मांडवात भाषणं सुरू झाली.

भाषणं लई झाली. राखणदार म्हणून सटवाचा सत्कार होता, त्यामुळे राखणदार स्टेजवर शाल पांघरून बसला होता. कर्ण्याचा आवाज असा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. अर्जुनराव सांगत होते, "आता चोराची हिंमत न्हाई या गावाकडं बघायची!" तेव्हा चोर गोदामाच्या मागचे पत्रे उचकटत होते. मागं कोरडा ओढा होता. पाणी असतं तर चोरांचा टेम्पो तिथवर आलाच नसता.

टाळ्यांच्या गजरात फीत कापली, कुलूप उघडलं. आत ऊन पडलं होतं. गाडी एकही नव्हती.

शिवलिंगप्पांनी आपल्या दुकानचं कुलूप उलटंसुलटं करून बघितलं. सटवानं शाल घडी करून काखेत मारली आणि म्हणाला, "कुलूप तर शाबूत हाय." ते खरंच शाबूत होतं.

ठाण्यावर फोन केला. ठाण्याची गाडी टँकरच्या बंदोबस्ताला गेलती. पाठलाग करायचा तर गावात वाहन नाही. सगळी सुरक्षित ठेवली होती. एवढ्यात केशरबाई छावणीवरून परतली. ओढ्यातल्या चाकोऱ्या धारूरच्या रस्त्याला लागलेल्या तिनं बघितल्या आणि गाडी तशीच वळवली.

"अप्पा, बसा मागं."

शिवलिंगप्पा जन्मात कधी बाईच्या मागं गाडीवर बसले नव्हते. पण नव्या गाडीची आठवण झाली आणि ते बसले. अर्जुनराव मागून ओरडले, "सोसायटी तुमच्या पाठीशी हाय!" आणि सावलीत गेले.

घाटाच्या चढावर अर्जुनरावांची जीप वाफा सोडत आडवी उभी होती. तिचा रेडिएटर गळका होता. चेअरमन तो दोन वर्षांपासून दुरुस्त करणार होते. जीपनं रस्ता अडवला होता, मागं मोटारसायकलींनी भरलेला टेम्पो अडकला होता, आणि चोर पाण्याच्या शोधात खालच्या वस्तीवर गेले होते.

वस्तीवर नुकताच टँकर आला होता. बायांची हंड्यांची रांग लागली होती, आणि दोघे चोर हातात कॅन घेऊन मंजुळाबाई नावाच्या म्हातारीशी हुज्जत घालत होते.

"आजी, लई घाई हाय, जरा पुढं जाऊ द्या."

"आमी सकाळधरनं हावत," मंजुळाबाई म्हणाली. "पुढारी आस न्हाईतर साहेब आस. नंबर लाव बे."

जीपजवळ कुणीच नाही बघून केशरबाई वस्तीकडं उतरली होती. कॅनवाले दोघं अनोळखी दिसताच तिनं गाडी थांबवून हाक मारली, "बायांनो, धरा त्यास्नी! चोर हायेत, आमच्या गाड्या नेल्यात!"

"मंग तर आजाबात मधी घुसू देऊ नका," मंजुळाबाई ओरडली.

बायांनी दोघांना घेरलं. एक पळायला निघाला तेव्हा पाठीत रिकामा हंडा बसला. भरलेला कुणी मारला नाही. पाणी वाया गेलं असतं. पोलीस येईपर्यंत दोघं टँकरच्या चाकाला टेकून बसले आणि प्यायला पाणी मागत राहिले. त्यांना ते मिळालं, पण सगळ्यांचं भरून झाल्यावर.

सोसायटीनं पुढच्याच बैठकीत अभिनंदनाचा ठराव केला: चेअरमन यांनी दूरदृष्टीनं जीप आत ठेवल्यामुळे चोर सापडले. केशरबाईचं नाव घ्यायचं राहून गेलं.

गाड्या काही लगेच मिळाल्या नाहीत. त्या मुद्देमाल होत्या. कोर्टाचा हुकूम येईपर्यंत ठाण्याच्या आवारात उन्हात उभ्या राहिल्या. शिवलिंगप्पा रोज केशरबाईच्या मागं बसून त्यांना बघायला जायचे आणि कुंपणातून टायरची हवा तपासायचे. बाईच्या मागं बसायची आता त्यांना लाज राहिली नव्हती. वळणावर "जरा सावकाश" म्हणायचंही त्यांनी सोडून दिलं.

एक दिवस केशरबाईला जबाबासाठी बोलावलं. ती फाटकातून गाडी आत घेऊ लागली, तसा हवालदार धावत आला.

"बाई, आत जागा न्हाई. बाहेर लावा."

"बाहेर कोण बघंल?"

"त्याची जबाबदारी आमची न्हाई," हवालदार म्हणाला.

केशरबाईनं गाडी रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीला लावली. "भाऊ, जरा ध्यान ठेव," असं तिनं टपरीवाल्याला सांगितलं, किल्ली कमरेला खोचली आणि जबाब द्यायला आत गेली.