केरबाच्या डाव्या हातातला तवा

मित्रांनो, मी बिडाचा एक जुना तवा आहे. रंगानं काळा, वजनाला भारी, पोटात जरासा खोलगट, आणि एका बाजूला वीतभर दांडा. कोल्हापुरात गंगावेशीच्या मागं एक अरुंद गल्ली आहे. तिथल्या दोन खोल्यांच्या घरात माझं राहणं. तुम्हाला सांगावं असं जे घडलं, ते गेल्या जानेवारीत घडलं. पण आधी माझा जन्म ऐका.

उद्यमनगरात एक लहानशी फाउंड्री होती. लोखंड वितळवून तिथं इंजिनांचे सुटे भाग ओतले जायचे. केरबा तिथं वाळूचे साचे बनवायचा. त्याच्या साच्यातून निघालेल्या भागाला कधी भोक नसे की चीर नसे. पुढं कामं घटली आणि मालकानं फाउंड्री बंद करायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी भट्टीत वितळलेल्या लोखंडाचा थोडा रस शिल्लक राहिला. केरबा म्हणाला, "मालक, एवढा रस मला द्या. पोटापाण्याचं कायतरी बघतो." मालकानं नुसती होकारार्थी मान हलवली. केरबानं जुन्या पातेल्याचा तळ वाळूत दाबला, दांड्यासाठी बोटानं चर काढला, पोटाच्या खोलगट भागासाठी वरून वाळूचाच दुसरा साचा बसवला आणि तो लालभडक रस त्यात ओतला. थंड झाल्यावर वाळू झटकून त्यानं मला उचललं आणि कानाजवळ धरून टिचकी मारली. मी खणखणीत वाजलो. तेव्हा तो त्या दिवसात पहिल्यांदा हसला.

महिनाभरात गंगावेशीत आमची आम्लेटची गाडी उभी राहिली. मित्रांनो, ते दिवस काय सांगू! संध्याकाळी तालमीतून पोरं यायची. "केरबामामा, सहा अंड्यांचं टाका!" असा आवाज यायचा. केरबा एका हातानं अंडं फोडायचा, कांदा-मिरची टाकायचा, आणि माझा दांडा धरून असा झटका द्यायचा की आम्लेट हवेत उलटं होऊन पुन्हा माझ्याच पोटात पडायचं. लोक पाव खायचे थांबून बघत राहायचे. रोज घरी गेल्यावर तो मला फडक्यानं पुसायचा आणि तेलाचा हात फिरवायचा. त्यामुळं माझं अंग आरशासारखं गुळगुळीत झालं होतं. सत्तावीस वर्षं मी कधी गंजलो नाही.

त्याच कमाईवर त्याची लेक अनुजा शिकली. म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करण्याचं शिक्षण तिनं घेतलं, दीड वर्ष जपानी भाषा शिकली आणि जपानमधल्या एका वृद्धाश्रमात नोकरीला गेली. निघताना केरबानं तिला पोटभर आम्लेट खाऊ घातलं आणि नंतर गाडीमागं जाऊन डोळे पुसले. ते फक्त मी पाहिलं.

ती गेली, आणि वर्षभरानं एका सकाळी केरबाच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. जीभ जड झाली. अनुजाला तेव्हा रजा मिळाली नाही. ती फोनवर रडत राहिली. इकडं गाडी विकली गेली. घरात पातळ पत्र्याचा, काळा मुलामा दिलेला एक हलका तवा आला. मला कुणी टाकलं नाही, पण परसात पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवलं. खालून ओल, वरून दव. चार महिन्यांत माझ्या सगळ्या अंगावर तांबूस गंज चढला. एकदा चिमणी माझ्यावर बसून पाणी प्यायली, बाकी कुणाचा स्पर्श नाही.

पण परसाच्या उघड्या दारातून मला आतलं दिसायचं, आणि माझ्यापेक्षा वाईट हाल केरबाचे होते. त्यानं जेवणच सोडलं होतं. त्याची बायको चिमणाबाई भाकरी दुधात कुस्करून घास त्याच्या तोंडाशी न्यायची, की तो ओठ घट्ट मिटून भिंतीकडं वळायचा. "अवो, एवढा एक घास घ्या की," असं ती विनवायची. तो दोन घास कसेबसे गिळायचा. हाडं वर आली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल.

जानेवारीत अनुजा बारा दिवसांच्या रजेवर आली. बापाकडं बघून ती दारातच थबकली. भेटायला आलेल्या शेजारच्या संयोगितावहिनी बोलायला फटकळ. त्या म्हणाल्या, "जगातल्या म्हाताऱ्यांचं करतीस बाई तू. हितं तुझ्या बापाला घास भरवायला कोण न्हाय."

अनुजानं मान खाली घातली. परसात येऊन तिनं पिंपातलं पाणी घेतलं, तोंड धुतलं आणि मला परत पिंपावर ठेवून माझ्यावर हात टेकून बराच वेळ उभी राहिली. तिचं लक्ष माझ्याकडं नव्हतं.

पुढचे दोन दिवस तिनं काही केलं नाही, फक्त जेवणाच्या वेळी लांब बसून बापाकडं बघितलं. तिसऱ्या दिवशी ती आईला म्हणाली, "आई, आबांना भूक लागती. भाकरीचा वास आला की ते बघत्यात. तू घास पुढं केलास की तोंड फिरवत्यात."

"मग काय करू? त्यांचा हात चालत न्हाय."

"उजवा चालत न्हाय. डावा चालतोय की."

"डाव्या हातानं भाकरी मोडती व्हय?"

अनुजा म्हणाली, "मोडत न्हाय. म्हणूनच भाकरी नको. माझ्याकडं आश्रमात एक आजोबा हायत. त्यांचंबी असंच. ते ओमुराइस खात्यात, चमच्यानं, आपल्या हातानं."

"कोण ओमू?" चिमणाबाईनं विचारलं.

अनुजाला कितीतरी दिवसांनी हसू आलं. "ओमू कोण न्हाय गं. भात भरलेलं आम्लेट. जपानात घरोघरी करत्यात."

तिनं इंद्रायणीचा मऊ भात केला. कांदा बारीक चिरला, कोंबडीचे नखाएवढे तुकडे परतले, त्यात भात आणि टोमॅटो सॉस घालून लालसर केला. मग नव्या तव्यावर अंडी ओतली. पण त्या तव्याचा मुलामा जागोजागी खरवडला होता आणि त्याला काठही नव्हता. अंडं कडेला वाहिलं, मधे चिकटलं. भात ठेवून घडी घालायला गेली तर फाटलं. दुसरं केलं, तेही फाटलं.

खाटेवरून केरबा हे बघत होता. त्याच्या घशातून आवाज आला, "त... त..."

"पाणी पायजे, आबा?"

त्यानं जोरात नकारार्थी मान हलवली. डावा हात उचलून परसाकडं बोट केलं. "तवा!"

मित्रांनो, तो शब्द मी परसात ऐकला. माझ्या अंगावर काटा यायची सोय असती तर आला असता.

अनुजानं मला आत आणलं. माझी अवस्था बघून चिमणाबाई म्हणाली, "हा गेला की गंजून." केरबानं मला डाव्या हातानं ओढून मांडीवर घेतलं. अंगठा माझ्या गंजावरून फिरवत राहिला. मग त्यानं अनुजाला खुणेनं विटकरीची पूड आणि काथ्या आणायला लावला, आणि स्वतः डाव्या हातानं घासायला बसला. हात लवकर दमायचा, मग अनुजा घासायची. गंज उतरायला अख्खी दुपार गेली. नंतर मला जाळावर तापवलं, तेल लावलं, पुसलं, पुन्हा तापवलं.

दुसऱ्या दिवशी अंडं टाकलं, तर ते मलाही चिकटलं! इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. अनुजा हिरमुसली. म्हणाली, "जाऊ दे आबा, मी दुसरं कायतरी करते."

"थांब," केरबा म्हणाला. शब्द एकेक करून येत होते. "मीठ... भाज."

तिनं मूठभर मीठ माझ्या पोटात ओतलं. ते पिवळसर होईपर्यंत भाजलं, फडक्यानं रगडलं आणि काढून टाकलं. माझी जुनी गुळगुळीत कातडी हळूहळू परत आली. तोवर अनुजानं केरबाला खुर्चीत बसवून शेगडीजवळ आणलं होतं. त्यानं डावा हात लांब करून माझा दांडा धरला.

दोन अंडी, चमचाभर दूध, चिमूटभर मीठ. तिनं ते ओतलं तसा माझा चर्र आवाज आला. केरबानं मला किंचित हलवलं, अंडं काठापर्यंत सारखं पसरलं. वरचा थर अजून ओला असतानाच अनुजानं मधोमध भात मांडला. "आता?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "न्हाय." दोघं वाट बघत राहिली. मग तो म्हणाला, "आता." तिनं उलथन्यानं एक कड भातावर घेतली, मग दुसरी. केरबानं दांडा वर उचलून मला तिरका केला आणि ते पिवळंधमक, गुबगुबीत आम्लेट अलगद ताटलीत उतरलं. कुठं फाटलं नव्हतं. अनुजानं वर सॉसनं 'आबा' असं लिहिलं.

मग तिनं चमचा त्याच्या डाव्या हाताजवळ ठेवला आणि मागं सरून बसली.

केरबानं चमचा उचलला. पहिला घास हनुवटीवर सांडला. चिमणाबाई पदर घेऊन पुसायला धावली, तर अनुजानं तिचा हात धरला. "राहू दे आई. सांडू दे." दुसरा घास अर्धा तोंडात गेला. तिसरा पूर्ण गेला. भात संपत आला तसा केरबा थांबला आणि बायकोकडं बघून म्हणाला, "तिखट... न्हाय ह्यात."

चिमणाबाई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. त्या दिवसापासून भातात हिरव्या मिरचीचा ठेचा पडू लागला. जपानी लोकांना तो चालेल की नाही, मला माहीत नाही.

नंतर एकदा अनुजा बापाच्या पायाशी बसली होती. म्हणाली, "आबा, तुमच्या दुखण्याच्या वेळंला मी हितं न्हवते." तो अडखळत म्हणाला, "तितं जाऊन शिकलीस... म्हणून तर कळलं तुला." आणि डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

अनुजाच्या जाण्याच्या दिवशी सकाळी केरबानं खुर्ची शेगडीपाशी लावून घेतली आणि कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. एका हातानं त्याला दोन अंडी फोडायला पाव तास लागला. कवचाचा एक तुकडा माझ्यात पडला, तो त्यानं बोटानं काढला आणि बोट भाजून घेतलं. घडी घालताना आम्लेट मधोमध फाटलं, भात बाहेर आला. त्यानं ती ताटली लेकीपुढं सरकवली आणि मान वळवली.

"फाटलं," तो म्हणाला.

"भात दिसाय लागला, एवढंच की," अनुजा म्हणाली, आणि शेवटच्या शितापर्यंत खाल्लं. दाराशी रिक्षाचा हॉर्न दोनदा वाजला, तरी ती घाईनं उठली नाही.

नाकातली नळी आता कुणाच्या बोलण्यात नाही. केरबाचं वजन थोडं वाढलं आहे. हात अजून लुळाच आहे, त्यात खोटं सांगणार नाही. पण दुपारी मला पुसून तेल लावायचं काम तो कुणाला देत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या तव्याची निगा सोपी असते. ओला ठेवू नका, तेलाचा हात फिरवा, की आम्ही तुमच्या नातवंडांनाही पुरू. माणसाची निगा त्याहून अवघड. तुमच्या घरात कुणी थकलेलं माणूस असेल, तर त्याच्या तोंडाशी घास नेण्याआधी क्षणभर थांबा. चमचा त्याच्या हाताजवळ ठेवून बघा. सांडलं तर सांडू द्या.