पायाखाली खचणारं पेडल

जावयाची गाडी तिसऱ्यांदा दारात आली, तेव्हा म्हाताऱ्या मेकॅनिकला हातातली चहाची कपबशीसुद्धा जड वाटत होती. गाडी वीस वर्षांची. तक्रार तीच: सिग्नलला उभं राहिलं की ब्रेकचं पेडल पायाखाली हळूहळू खाली जातं. दोनदा त्याने ब्रेकच्या पाइपांतली हवा काढली होती, लायनर बदलले होते आणि छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "बिनघोर चालवा." आज संध्याकाळी सातव्या महिन्यातल्या गरोदर लेकीला घेऊन जावई याच गाडीने डोंगराचा उतार उतरणार होता.

"बाबा, मोठ्या वर्कशॉपला दाखवू का?" लेकीने विचारलं.

"दाखव की. ते आधी गाडी धुतील, मग तुझा खिसा धुतील."

तो चरफडत गाडीखाली सरकला. बायको नेहमीसारखी स्टिअरिंगमागे बसली. तीस वर्षं हाच रिवाज होता. तो खालून ओरडणार, "दाब, जोरात दाब, जोरात, धर!" आणि "सोड" म्हटल्याशिवाय तिने पाय उचलायचा नाही. नट सैल असताना पाय उचलला तर हवा आत शिरते. एकदा तिने उचलला होता, तर दोन दिवस तो बोलला नव्हता.

चारही चाकं बघून झाली. कुठेही ब्रेकच्या तेलाचा थेंब नाही. पाइप कोरडे, नट घट्ट. पेडल दगडासारखं लागत होतं.

"धर," तो शेवटचं म्हणाला. मग अंगाखालच्या पोत्याची ऊब लागली आणि त्याचा डोळा लागला.

बायको पाय ठेवून बसली. गुडघा भरून आला, तसा जोर कमी झाला. पण "सोड" काही ऐकू येईना.

"अहो! झोपलात का?"

"नाही गं. विचार करतोय."

"घोरत विचार करताय होय? माझा पाय पार तळाला टेकला इथे."

तो खडबडून उठला. कपाळ पत्र्यावर आपटलं.

"तू जोर दिलास?"

"कसला जोर? नुसता ठेवला होता."

त्याने पडल्या पडल्या हिशेब मांडला. बाहेर थेंब नाही आणि पेडल तळाला, म्हणजे तेल आतल्या आतच मागे जातंय. पेडलचा जोर तेलावर देणाऱ्या मास्टर सिलिंडरचं रबर झिजलं होतं. जोरात दाबलं की ते फुगून घट्ट बसतं आणि हलक्या पायाखाली वाट देतं. आणि तीस वर्षं तो "जोरात, जोरात!" असंच ओरडत आला होता. सिग्नलला कोण पेडल जोरात दाबून धरतं?

तो बाहेर आला. जावई घड्याळ बघत उभा होता.

"जावईबापू, दोन्ही वेळा मी चुकीचं सांगितलं. गाडी ठीक नव्हती."

लेकीने विचारलं, "मग आज जायचं कसं? सावकाश गेलो तर?"

म्हाताऱ्याने बॉनेट उघडलं, पाना लावला आणि मास्टर सिलिंडरचे दोन्ही पाइप सोडवले. तेल भळाभळा खाली सांडलं.

"आता सावकाशसुद्धा नाही," तो म्हणाला आणि तिथेच पायरीवर बसला. "बसने जा. मागची सीट घेऊ नकोस, फार हादरते."