तीनशेसाठ डाव्या बाह्या

मास्तरांनी बावीस वर्षं कारखान्यात शर्टांचं कापड कापलं होतं, पण मुलाखत म्हणून कधी दिली नव्हती. त्यामुळे त्यांची तालीम लेकीने घेतली. ती एका ऑफिसात माणसं निवडायचंच काम करायची, आणि बापालाही सूट देत नव्हती.

"बाबा, 'चूक झाली' म्हणायचं नाही. 'त्या अनुभवातून मी खूप शिकलो' म्हणायचं. आणि हसून."

"अगं, तीनशेसाठ बाह्या कापल्या आणि सगळ्या डाव्या निघाल्या. हसू कुठून आणू?"

लेकच खुदकन हसली, आणि मग तिला वाईट वाटलं. त्या बाह्यांपायी बाबांची नोकरी जाऊन दहा महिने झाले होते. अशा गोष्टींना पाय फुटतात. चार कारखान्यांनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं होतं. पाचव्या ठिकाणीही जमलं नाही तर सोमवारपासून मेहुण्याच्या दुकानात पुड्या बांधायच्या, असं ठरलं होतं. मेहुणा बिचारा भला माणूस, पण मास्तरांना ते काम नको होतं.

हा पाचवा कारखाना शाळेच्या गणवेशांचा होता. मालकीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "जुनी नोकरी का सुटली?"

मास्तर ठरल्याप्रमाणे हसले. "त्या अनुभवातून मी खूप शिकलो."

"काय शिकलात?"

हा प्रश्न तालमीत नव्हता. मास्तरांनी हसणं सोडून दिलं आणि सरळ सांगून टाकलं.

"बाई, बाह्यांसाठी कापडाचे थर एक सुलट, एक उलट असे पसरायचे असतात. तरच एका साच्यातून डावी-उजवी जोडी निघते. त्या दिवशी सगळे थर सुलटच होते. मी न बघता कापायचं मशीन फिरवलं. आता बघतो."

बाई उठल्या आणि त्यांना कापायच्या टेबलापाशी घेऊन गेल्या. "हे थर मी स्वतः पसरलेत, बरोबर आहेत. कापा."

मास्तरांनी मशीन उचललं आणि परत खाली ठेवलं. गठ्ठ्याचा कोपरा धरून ते एकेक थर अंगठ्याने चाचपत निघाले. शिवणाऱ्या बायका माना वर करून बघायला लागल्या. बाईंची नजर घड्याळाकडे गेली. मास्तरांना घाम फुटला, पण शेवटचा थर बघितल्याशिवाय त्यांचा हात थांबला नाही.

"बरोबर आहेत," ते ओशाळून म्हणाले.

"मी सांगितलं होतं ना?"

"हो बाई. तेव्हा मालकांनीही असंच सांगितलं होतं."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"म्हणजे ते थर मालकांनी पसरले होते? मग एवढा वेळ स्वतःची चूक म्हणून काय सांगत होतात?"

"मशीन माझ्या हातात होतं, बाई."

बाईंनी खुंटीवरचा एप्रन काढून मास्तरांच्या हातात दिला. "सोमवारी आठला या. आज एवढं कापून जा."

मास्तरांनी मशीन सुरू केलं. कापून झाल्यावर वरच्या दोन बाह्या उचलून त्यांनी उजेडात धरल्या. एक डावी होती, एक उजवी. लेकीने दोन दिवस घोटून घेतलेलं ते हसू आता कुठे त्यांच्या चेहऱ्यावर आलं.